हागारेची विहीर

टॅक्सी बेनिंग रोडच्या सिग्नलला थांबली, आणि रेडिओवरचा म्हातारा म्हणाला, "हागारेच्या डोळ्यांत इतकं पाणी होतं, की समोरची विहीर तिला दिसेना." वर्निता पिंकनीच्या मांडीवर टंकलेल्या पानांचा गठ्ठा होता, हातात लाल पेन्सिल होती, आणि पेन्सिलीचं टोक जिथे टेकलं होतं ती ओळ हीच होती. शब्दाला शब्द. श्वास घेण्याची जागासुद्धा तीच. 'पाणी होतं' म्हणून म्हातारा थांबला, तिथे पानावर स्वल्पविराम होता. क्षणभर तिला वाटलं, गठ्ठ्यातलंच कुणीतरी बोललं. तिने पानांवर तळहात ठेवला, उतू जाणाऱ्या भांड्यावर झाकण ठेवावं तसा.

"आवाज कमी करू का, बाई?" टॅक्सीवाल्याने आरशातून विचारलं.

"नको. कोण आहेत हे?"

"जुनं माणूस आहे कुणी. गुरुवारी दुपारी लावतात असल्या तबकड्या. आमची बायको हे ऐकत इस्त्री करते. म्हणते, हल्लीचे पाळक बोलतात, हे लोक जेवायला वाढायचे."

मागे ऑर्गन आला, म्हाताऱ्याचं बोलणं चालायला लागलं, मग धावायला, मग गायला. बायबलातली हागार, मालकाने पोरासकट हाकललेली दासी, रानात, पोर झुडुपाखाली, भाकर संपलेली, कातडी पिशवी रिकामी. सगळं तिच्या पानावर त्याच क्रमाने होतं. तबकडी संपल्यावर निवेदकाने नाव सांगितलं: रेव्हरंड सायलस पेटिग्रू, ब्यूफर्ट, साऊथ कॅरोलिना, कधीचे वारलेले. मांडीवरच्या पानांवर मात्र ठळक अक्षरांत होतं, रेव्हरंड केलेब ड्रेटन यांची प्रवचनं.

ऑफिसपर्यंत न जाता ती आधीच उतरली आणि चालत राहिली. झाडांच्या परागांची पिवळी धूळ गाड्यांच्या टपांवर बसली होती, डोळे चुरचुरत होते. ड्रेटन चोर आहेत, असा विचार तिने केला नाही. तिने नुसतं म्हटलं, बघायला हवं. हे 'बघायला हवं' तिचं जुनं होतं, पुस्तकांच्या धंद्यात यायच्या आधीचं. एका उमेदवाराच्या तीन निवडणुका तिने लढवल्या होत्या, आणि तिच्याकडे खातं होतं ते चर्चचं. कुठल्या रविवारी कुठल्या चर्चला जायचं, पाळकाला आधी कोण भेटणार, उमेदवार कुठल्या ओळीत बसणार. उमेदवार बोलायला उभा राहिला की तिसऱ्या ओळीतून "बोला, बोला!" असा खणखणीत आवाज यायचा. त्या आवाजाच्या दोन बाया वर्निता स्वतः निवडून आणायची आणि चर्चमध्ये लांब लांब बसवायची. बाकीची मंडळी मग आपोआप तापायची. हे काही पाप आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं, स्टेजवरच्या फुलांच्या कुंड्यांसारखं वाटलं होतं. पण तेव्हापासून एक झालं. कुणी कशाला मनापासून दाद दिली, की तिची नजर दाद देणाऱ्याकडे आधी जाते. कुणी बसवलंय याला?

उमेदवार शेवटी पडला, आणि पडल्यावर त्याने आत्मचरित्र लिहायचं ठरवलं, म्हणजे वर्नितानेच लिहिलं, आणि ते विकायला न्यूयॉर्कला तीच गेली. तिथे एका जेवणात तिच्या लक्षात आलं की हे काम तिला येतं. माणूस विकायचा आणि पुस्तक विकायचं, यात फरक एवढाच की पुस्तक ऐन वेळी तोंड उघडून घोटाळा करत नाही. मग निवृत्त राजदूत, पडलेले महापौर, एक जनरल. या सगळ्यांची आत्मचरित्रं तिने विकली आणि एकावरही तिचा विश्वास नव्हता. लेखकांना ती आवडायची ती त्यामुळेच. प्रकाशकाने विचारायच्या आधी प्रत्येक भानगड तिनेच खणून काढलेली असायची.

ड्रेटनांचं तिने खणलं नव्हतं. त्यांच्या बाबतीत ती लेखकांची एजंट नव्हतीच, बापाची मुलगी होती. तिचे वडील हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला होते आणि रविवारी पांढरे हातमोजे घालून चर्चमध्ये लोकांना जागा दाखवायचे. प्रवचन चालता चालता एका ठिकाणी पाळकाच्या बोलण्याला सूर लागतो, ऑर्गनवाला तो सूर खालून झेलतो आणि मग माणूस बोलतोय की गातोय हे कुणाला सांगता येत नाही. त्या क्षणी वडील मोज्यातल्या हाताने तिचा हात दाबायचे. आता. आता ऐक. वडील गेल्यावर पुष्कळ वर्षांनी, एका मयताला म्हणून ती ड्रेटनांच्या चर्चमध्ये गेली, विटांचं बसकं चर्च, शेजारी मोटारींचं गॅरेज, आणि त्या म्हाताऱ्याने सूर लावला तेव्हा तिच्या हातावर दाब आला. शेजारी कुणी नव्हतं. ती भर मयतात हुंदके देऊन रडली, आणि मेलेल्या माणसाच्या बायकोने येऊन तिलाच धीर दिला.

पुढे ड्रेटनांच्या घशात गाठ निघाली. या महिन्याच्या अखेरीला शस्त्रक्रिया. बोलता येईल, डॉक्टर म्हणाले, गाता नाही यायचं. तेव्हापासून ती या पुस्तकामागे होती. चर्चमध्ये ध्वनिफितींची कपाटं भरलेली होती, त्यातून निवडून तिच्या ऑफिसातली डोरीन टंकत होती. सुराचं कागदावर काय करायचं, हे वर्निताने रात्रंदिवस डोकं लावून ठरवलं होतं. सूर लागला की ओळी तुटत जायच्या, कवितेसारख्या, आणि मंडळींची उत्तरं उजव्या बाजूला तिरकी. न्यूयॉर्कची संपादक रोझलिंड केलर ते वाचून फोनवर गप्प झाली होती, आणि रोझलिंड गप्प होणाऱ्यांतली नव्हती. करार पुढच्या आठवड्यात. त्यात एक कलम असतं, सगळ्या पुस्तकांच्या करारात असतं: यातला शब्द न् शब्द माझा स्वतःचा आहे. खाली लेखकाची सही.

ऑफिसात तिने डोरीनला विचारलं, "हागारेच्या प्रवचनात कुठे पेटिग्रू म्हणून नाव येतं?"

"मी टंकलंय त्यात नाही," डोरीन चष्म्यावरून बघत म्हणाली. "का? कोण पेटिग्रू?"

"कुणी नाही."

"कुणी नाही म्हणतेस तेव्हा कुणीतरी असतंच बाई तुझं."

वर्निता हसली आणि दार लावून घेतलं. तिने तीन फोन केले. एक ब्यूफर्टजवळच्या एका निवृत्त पाळकाला, एक जुनी प्रवचनं गोळा करणाऱ्या प्राध्यापकाला, एक रेडिओच्या त्या कार्यक्रमवाल्या बाईला. तिघांशीही ती आधी तब्येतीचं बोलली, मग हवेचं, आणि मग जाता जाता म्हणाली, "अहो, असंच विचारते, ड्रेटन रेव्हरंडांची प्रवचनं त्यांचीच ना?" फोन ठेवल्यावर तोंडाला एक चव आली, तांब्याचं नाणं चोखल्यासारखी, आणि ती चव ओळखीची होती. मोहिमेत याला चौकशी म्हणायचे. मतदाराला घरी फोन करायचा, गोड आवाजात: समजा तुम्हाला कळलं की अमक्याने विधवांच्या निधीत हात घातलाय, तरी त्याला मत द्याल का? घातलाय असं कुणी म्हणतच नाही. नुसता प्रश्न. तो प्रश्न रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर बसतो, सकाळी केस कापायच्या दुकानात जातो, आणि रविवारपर्यंत चर्चच्या पायरीवर उत्तर होऊन उभा राहतो. हे तिला दुसऱ्या कुणापेक्षाही चांगलं माहीत होतं. तरी तिने फोन केले. हात सवयीने जिन्याचा कठडा धरतो तसे.

शनिवारी दुपारी ड्रेटनांचाच फोन आला. मागे भांड्यांचा आवाज, चर्चमध्ये माशांच्या जेवणाचा दिवस असणार. आवाज खरवडलेला.

"सिस्टर पिंकनी, उद्या येतेस ना?"

"येते ना, रेव्हरंड."

"लवकर ये मुली. उद्या हागार घेतोय. गळ्यातून ती परत निघायची नाही."

लवकर का? ती नेहमी उशिरा जायची. उमेदवाराबरोबर फिरून अंगात मुरलेलं. उमेदवार कधी आधी येऊन बसत नाही. पहिलं गाणं, सूचना, आजाऱ्यांची नावं, आभार, हे सगळं उरकू द्यायचं आणि पाळक बायबलातलं वचन वाचायला उभा राहता राहता बाजूच्या दाराने आत शिरायचं. एका रविवारात तीन चर्च करायची तर दुसरा मार्ग नव्हता. ड्रेटनांना हे कधी खटकलं नव्हतं. मग उद्याच लवकर का?

"रेव्हरंड," ती शक्य तितकं सहज म्हणाली, "हे हागारेचं तुम्हाला कधी सुचलं हो?"

ते हसले, हसताना खोकले. "सुचलं? मला कुठलं काय सुचतंय, पोरी. मला मिळतं."

कुणी धारेवर धरलं तर उमेदवारही असंच बोलायचा, तिच्या मनात आलं. खालच्या आवाजात, विनोद करून, देवाला मध्ये घालून. तिने स्वतः शिकवलं होतं त्याला ते. फोन ठेवल्यावर तिने पानांचा गठ्ठा काढला आणि दानिएलाचं प्रवचन, नोहाच्या कबुतराचं, आजारी राजाचं, अशी एकेक वाचत गेली. सगळी सुंदर होती. आता ते सौंदर्यच तिला सलायला लागलं. एका माणसाकडे इतकं कुठून येईल? वाक्यं इतकी झिजून गुळगुळीत कशी? पायऱ्यांसारखी, पुष्कळांच्या पायाखालून गेलेली. परवापर्यंत हेच वाचताना तिचे डोळे भरत होते. आता कोरडे होते, आणि तिला वाटलं की आताच आपल्याला नीट दिसतंय.

संध्याकाळी रोझलिंडचा फोन आला. शनिवारी रोझलिंड कधी फोन करत नसे.

"वर्निता, मी काही ऐकलंय. खोटंच असेल. पण म्हणतात की त्या म्हाताऱ्याने तिघाचौघांचं उचललंय, आणि दक्षिणेत हे सगळ्यांना माहीत आहे."

"कोण म्हणतं?"

"मला एका प्राध्यापकाने सांगितलं. त्याला कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. हे बघ, मला हे पुस्तक हवंय. सोमवारी तू मला तुझ्या तोंडाने सांग, शब्द न् शब्द त्यांचा आहे. तू सांगितलंस की पुरे. तुझ्याइतकं कोण खणतं?"

वर्निता फोन हातात धरून खिडकीशी उभी राहिली. 'असंच विचारते' एवढे दोन शब्द तिच्या ऑफिसातून निघाले होते, आणि दक्षिणेतून न्यूयॉर्कला वळसा घालून, अंगावर नवे कपडे चढवून, तिच्याच दारात आले होते. प्रश्न परत बोलावता येत नाही. पण भीतीच्या खालून एक समाधानही डोकावलं, आणि ते भीतीपेक्षा वाईट होतं: म्हणजे आहेच काहीतरी. आपणच लावलेल्या धुराला बघून आग शोधणारं हे मन कुणाचं? बापाच्या मोज्यातल्या हाताला काय वाटलं असतं?

रविवारी ती सगळ्यांच्या आधी गेली. ड्रेटनांना आतल्या खोलीत गाठायचं, तोंडावर विचारायचं, डोळ्यांत बघायचं, असं ठरवून. पण आतल्या खोलीत चर्चचे वडीलधारे त्यांच्या गळ्यावर हात ठेवून प्रार्थना करत होते. दारात चर्चमधली सगळ्यांत ज्येष्ठ बाई, मदर इओला उभी, डोक्यापासून पायांपर्यंत पांढरी, पांढरे हातमोजे. चर्चमध्ये तिचा शब्द पाळकाच्या वर.

"अगंबाई! घड्याळ बिघडलं की काय तुझं?" मदर इओला म्हणाली. "का कुणाला निवडून आणायचंय आज?"

"रेव्हरंडांना भेटायचं होतं, मदर. महत्त्वाचं आहे."

"त्यांच्या गळ्यावर आत्ता देवाचं चाललंय, त्याहून महत्त्वाचं? बस जा. मागे बस, पुढे बसलीस तर तुला उठून जायची घाई होते."

ती मागे बसली. गाणं झालं, सूचना झाल्या. आजाऱ्यांची नावं वाचली गेली, कुणाच्या गुडघ्याचा खुलासा झाला, गॅरेजसमोर लावलेली निळी गाडी काढायला सांगितलं. हे सगळं तिने इथे कधी ऐकलं नव्हतं. मग ड्रेटन उठले. वचन उघडलं नाही. पुस्तक मिटूनच ठेवलं, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि खरखरीत, सपाट आवाजात म्हणाले, "ही विहीर मी खणलेली नाही."

"नाही खणलेली," मंडळी म्हणाली.

"मला ती सायलस पेटिग्रूंनी दाखवली."

"पेटिग्रूंनी."

वर्निताच्या मनात पहिला विचार आला तो असा: कळलंय त्यांना. ब्यूफर्टहून कुणीतरी कळवलं, म्हणून आज नाव घेतलं, म्हणूनच 'लवकर ये'. किती साफ खेळी. उमेदवारासाठी तिने हेच केलं असतं. आरोप यायच्या आधी आपणच उभं राहून अर्धा कबूल करायचा, हसत. आणि मंडळींचं उत्तर? ते बसवलेलंच असणार. तिची नजर सरळ तिसऱ्या ओळीकडे गेली.

तिसऱ्या ओळीत एक जाड बाई पर्समध्ये पेपरमिंट शोधत होती. मान खाली, हात पर्समध्ये कोपरापर्यंत. ड्रेटन म्हणाले, "पेटिग्रूंना ती दिली..." आणि ते पुढचं म्हणायच्या आधीच ती बाई पर्समध्ये बघत पुटपुटली, "त्यांच्या मावशीने, कपडे धुता धुता." ड्रेटन म्हणाले, "त्यांच्या मावशीने, कपडे धुता धुता." पलीकडे एक गृहस्थ टायच्या टोकाने चष्मा पुसत होते आणि त्यांचेही ओठ हलत होते. "मावशीला दिली त्या बाईचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही." "देवाला ठाऊक आहे," मंडळी म्हणाली, कुणी जांभई देत, कुणी पोराची कॉलर सरळ करत. भिंतीशी उभी असलेली मदर इओला स्वतःशीच म्हणाली, "चला, चला, पुढे व्हा."

वर्निता बघत राहिली. चर्चभर टाळ्या कशा बसवायच्या ते तिला माहीत होतं. अश्रूही बसवता येतात. तिने एकदा बसवले होते. पण हा कंटाळा! शेकडो रविवार एकच नमन ऐकून आलेला, घरच्या वरणाच्या चवीसारखा, कुणाला दाखवायचा म्हणून नसलेला. हा जगातल्या कुठल्याच मोहिमेला आणता आला नसता. दानिएल कुणाकडून मिळाला, नोहाचं कबूतर कुठल्या खेड्यातल्या आंधळ्या पाळकाचं, एकेकाचं नाव येत होतं आणि मंडळी ते अर्धा श्वास आधी म्हणत होती.

आणि तेव्हा तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, हिवाळ्यातला, ऑफिसमधला, डोरीनला सांगणारा: वचन वाचल्यापासून पुढे टंकायचं. आधीचं सोड. घसा साफ करणं असतं ते. मोहिमेचा पहिला नियम होता तो. भाषण वर्तमानपत्रांना द्यायचं तर सुरुवातीचे आभार उडवायचे. अमके काका, तमक्या ताई, ज्यांनी हॉल दिला, ज्यांनी खुर्च्या लावल्या. बाहेरच्याला त्या नावांशी काय घेणं? उमेदवार एकटा उभा दिसला पाहिजे, शब्द त्याच्या स्वतःच्या पोटातून आल्यासारखे. तिने ड्रेटनांना एकटं उभं केलं होतं. आणि मग विचारत सुटली होती, हा माणूस इतकं एकट्याने कुठून आणतो.

उद्या रोझलिंडला सांगायचं होतं. शब्द न् शब्द त्यांचा आहे, असं नाही सांगता येणार. तो प्रश्न माझ्याच फोनवरून निघाला, हे सांगावं लागेल. नमन प्रत्येक प्रवचनाच्या डोक्यावर परत लागेल, आणि करारातल्या त्या कलमापाशी रोझलिंड कदाचित पुन्हा गप्प होईल, वेगळ्या अर्थाने. पुस्तक राहील की जाईल, ते तिला कळेना. ब्यूफर्टच्या केस कापायच्या दुकानात तो प्रश्न आत्ताही खुर्चीवर बसलेला असेल. तिथेही तिलाच जावं लागेल, एकेका खुर्चीपाशी.

"आणि शेवटी," ड्रेटन म्हणाले. त्यांनी घोटभर पाणी घेतलं. "शेवटी सिस्टर वर्निता पिंकनी. ही विहीर ती कागदावर नेते आहे. माझा गळा बंद झाल्यावर तिथून लोक पाणी पितील."

आणि पेपरमिंटवाली बाई, चष्मेवाले गृहस्थ, गायकवृंद, सगळं चर्च, मान वर न करता, एका सुरात, अंगवळणी पडलेलं हसू गालात ठेवून म्हणालं, "येईल ती, येईल!"

कधीपासून म्हणत होते हे? हिवाळ्यापासून? दर रविवारी, ती गाडी लावायला जागा शोधत असताना, घड्याळाकडे बघत बाजूच्या दाराशी थांबलेली असताना? डोरीनने एकेक नमन सोडून दिलं, त्यातल्या अलीकडच्यांच्या शेवटी आपलं नाव होतं? तिला समोरचं नीट दिसेना. बाकाची कड, पांढरे हातमोजे, खिडकीचा उजेड, सगळं एकमेकांत विरघळलं.

मदर इओलाने मोज्यातल्या बोटाने तिच्या खांद्याला टोचलं. "अगं, आज तरी सांग त्यांना."

वर्निता उभी राहिली. इतक्या चर्चमधून इतक्या बायांना कुठे, कधी, किती मोठ्याने बोलायचं ते तिने शिकवलं होतं. तिला स्वतःला काहीच आठवेना.

"आलेय," ती म्हणाली.

आवाज चिरका निघाला, नको तितका वर. माना वळल्या, कुणीतरी मोठ्याने हसलं, ड्रेटनांनी पुस्तक उघडलं. आणि कोपऱ्यात ऑर्गनवाल्याने, मागे वळूनही न बघता, तिचा तो चिरका सूर खालून झेलला.